मागच्या दाराचा सत्यनारायण

चिंचवडात दौलतशेटचं कापडाचं दुकान म्हंजी काय सांगू! दोन मजली, अन् कामाला डझनभर गुमास्ते. त्यातलेच एक आमचे मालक, चिमाजी. सरकारनं कायदा काढला की दर सोमवारी समदी दुकानं बंद ठेवायची, कामाच्या माणसाला सुट्टी द्यायची. बारक्या दुकानदारांनी निमूट फळ्या लावल्या. शेटनीबी लावल्या, पण फकस्त पुढच्या. मागचं दार उघडंच. बाकी बाजार बंद, मग समदं गिऱ्हाईक गल्लीतनं शेटच्या मागल्या दारी. सोमवारी दुप्पट धंदा व्हायचा मेल्याचा!

अन् आमच्या घरी काय? मालक पोरगी उठायच्या आधी जायचे, ती निजल्यावर यायचे. आमची सरू तीन वर्सांची. एक दिवस ते जरा लवकर आले, तर सरू आत पळाली अन् मला म्हणाली, "आई, कुणीतरी आलंय." मला हसू आलं. मालकांना न्हाई आलं. ते टोपी हातात धरून दारातच हुबे राह्यले. सुट्टी मिळाल्याबगर बापलेकीची वळख व्हायची न्हाई, हे मला कळून चुकलं.

पण बोलणार कोण? शेटपुढं आमचे मालक म्हंजी गरीब गाय. सुट्टी मागायला तोंड उघडायचे अन् "शेट, चहा सांगू का?" म्हणून मिटायचे. मग एका सोमवारी मीच पोरीला कडेवर घेतली अन् निघाले. म्हटलं, शेटला पोरच दाखवते, बघू काय म्हणतोय.

गल्लीत वळते तो काय, मागच्या दारी दुकानांचा इन्स्पेक्टर! पुण्याचा चष्मेवाला, सायकल भिंतीला लावून हुबा. दार आतनं घाईघाईनं लोटलेलं, आत चिडीचूप. पण पायरीखाली चपलांचा ह्यो ढीग! शेटची गादी पांढरीशुभ्र. गादीवर पायताण चढलं की लक्ष्मी रुसते, असं त्यांचं. चोरून धंदा करतानाबी गिऱ्हाइकाला चपला भाईर काढायला लावायचे. आता बोला!

इन्स्पेक्टरनं कडी वाजवली. शेटनी दार किलकिलं केलं.

"दुकान बंद आहे, साहेब."

"आणि या चपला?"

शेटनी चपलांकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. "आत सत्यनारायण आहे," म्हणाले.

"वा! मग तीर्थ घेतल्याशिवाय कसा जाऊ?" म्हणत साहेबानं बूट काढले अन् सरळ आत. मागोमाग मी. आत तागे पसरलेले, बाया मांडीवर लुगडी घेऊन बसलेल्या. त्यांनी पटापटा हात जोडले.

"पूजेला कोण बसलंय?" साहेबानं विचारलं. शेटची बायको माहेरी तळेगावला. शेटनी आमच्या मालकांकडं बोट केलं. मालकांच्या हातात कापड मोजायचा गज, तसाच धरून ते पुतळ्यावाणी हुबे.

"आणि यांच्या मंडळी? जोडप्याशिवाय पूजा कशी?"

शेटला दरदरून घाम. तेवढ्यात मी दिसले. "या, या, अंबुबाई! तुमचीच वाट बघत होतो!" जन्मात पैल्यांदा मला 'या' म्हणाला तो माणूस.

साहेब माझ्याकडं वळला. "बाई, खरं सांगा. पूजा आहे का?"

खरं सांगावं तर मालकांची नोकरी जाती. खोटं सांगावं तर सोमवार जातो. मालक माझ्याकडं असे बघत होते, की मला त्यांचा रागबी आला अन् कीवबी आली.

मी पदर सावरला. "हाय की, साहेब. शेट देवाला नवस बोललेत. दर सोमवारी सकाळी सत्यनारायण. एकेक गुमास्ता जोडीनं बसणार, मग प्रसाद घेऊन समद्यांनी आपापल्या घरी जायचं. त्या दिशी गजाला हात लावायचा न्हाई. व्हय ना, शेट?"

शेटचं तोंड बघण्यासारखं झालं. देवाचं नाव घेतलेलं, साहेब पुढ्यात, गिऱ्हाईक समदं ऐकतंय. "व्हय," म्हणाले बापडे.

"फार छान," साहेब मिशीत हसला. "मी तीर्थाला येत जाईन."

मग काय! भटजी धुंडून आणला, शिरा शिजला. गिऱ्हाइकांना अख्खी पोथी ऐकावी लागली, कथेतनं मधीच उठतंय कोण!

म्होरल्या सोमवारी प्रसाद घेऊन मालक सकाळीच घरी. सरू लांबनंच बघत राह्यली. दुपारी त्यांनी चिंध्यांची बाहुली करून दिली, मग जरा जवळ सरकली. उन्हं कलली तशी तिनं त्यांचं बोट धरलं अन् ओढत शेजारी ठकुबाईकडं नेलं. या ठकुबाईनं आमच्या मालकांना ल्हानपणी नागडं खेळताना बघितलेलं.

"ठकुआजी," सरू म्हणाली, "ह्यो बघ, माझा बा."

ठकुबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आसं व्हय? बरा दिसतोय की गं," म्हणाली. आमच्या मालकांनी तिला वाकून नमस्कार केला, अन् किती तरी वेळ मान वर केलीच न्हाई.