लाडू कुठे?

नवरात्राचे आठ दिवस कमलिनीने सहाव्या मजल्यावर दार लावून काढले. दुसऱ्या मजल्यावर सकवारबाईंच्या घरी गोलू मांडलेला, नऊ पायऱ्यांवर बाहुल्यांचा दरबार. आणि त्यापुढे पहिला अभंग म्हणायचा तो सांगलीच्या कमलिनीने, असा बारा वर्षांचा रिवाज. चेन्नईतल्या अण्णा नगरातल्या त्या इमारतीत लोक तिला ओळखत ते गाण्यामुळे आणि गुडघ्याला लागणाऱ्या वेणीमुळे.

यंदा वेणी नव्हती. एप्रिलमध्ये डावा स्तन काढला, मग केमोने केस नेले. शेवटचा केमो पंधरवड्यापूर्वी झाला, डॉक्टर हसून म्हणाले, आता हिंडा-फिरा. पण कुठल्या तोंडाने? घरातल्या आरशापुढूनही ती चोरासारखी जायची. इमारतीत खरं ठाऊक होतं ते एकट्या सकवारबाईंना. बाकीच्यांना तिने 'पोटाचं ऑपरेशन' सांगून वाटेला लावलं होतं.

नवव्या दिवशी सकवारबाईंचा फोन आला. सत्तरीची बाई, तंजावरच्या मराठी घरातली. बोलायची ती हुकूम सोडल्यासारखीच. "आज येणार नाहीस तर बाहुल्या मीच उचलून वर आणीन. मज गुडघे नाहीत, तेवढं ध्यानात ठेव."

त्या गुडघ्यांची दया येऊन कमलिनी निघाली. नवऱ्याने, पुरुषोत्तमने, हौसेने आणलेला विग चढवला, ब्लाऊजच्या डाव्या बाजूला कापूस भरला आणि पदर पुढे ओढून उजव्या हाताने गच्च धरला.

ती लिफ्टमध्ये शिरली आणि वीज गेली. लिफ्ट मध्येच बंद पडली. चेन्नईच्या ऑक्टोबरात बंद लिफ्ट म्हणजे इडलीचं भांडंच. जनरेटर मनावर घेईपर्यंत विगखालून घाम गळ्यापर्यंत उतरला, टाळूला खाज सुटली. इथे बघतंय कोण, म्हणून तिने विग ओढून काढला आणि पिशवीत कोंबला. अहाहा! तेवढ्यात दिवे लागले, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर उतरली आणि दार उघडलं.

दारात चार बायका. रेशमी साड्या, केसांत मोगरा, हातांत सुंडलच्या, म्हणजे हरभऱ्याच्या प्रसादाच्या, पुड्या.

कमलिनी लिफ्टच्या कोपऱ्यात सरकली. तिच्या माहेरी बाईचं बोडकं डोकं म्हणजे अशुभ. आई रोज फोनवर बजावायची, डोकं झाक हो. आता या तोंड फिरवणार, अशी तिची खात्रीच झाली.

चौथ्या मजल्यावरची रम्या पुढे आली आणि तिने चक्क हात जोडले. "तिरुपतीया? लड्डू एंगे?" लाडू कुठे, लाडू कुठे, म्हणून मागच्या तिघीही विचारू लागल्या.

खरंच की! या शहरात बाईचं गुळगुळीत डोकं दिसलं की लोकांना बालाजी आठवतो. केस देवाला देऊन आलेली भाग्यवान बाई! पण देवाच्या नावावर खोटं कसं बोलायचं, आणि खरं तरी कसं?

सकवारबाई गुडघे धरत दाराशी आल्या. एका नजरेत सगळं ओळखलं, सगळ्यांना आत घेतलं, वाटीभर चंदन आणून मुंडणानंतर लावतात तसं कमलिनीच्या डोक्यावर थापलं. "सांगायचं तर सांग, नाहीतर राहू दे," त्या तिच्या कानाशी पुटपुटल्या. "आधी गा." चंदन असं गार लागलं की तिचे डोळेच मिटले.

पहिल्या ओळीला आवाज कापरा आला. दुसरीला लय सुटली, कारण ताल धरायचा हात पदरात अडकलेला. गाणारी बाई एक वेळ काहीही सोसेल, बेताल होणं नाही. तिने पदर सोडला आणि मांडीवर ताल धरला. मग काय! कापूस सरकून बगलेत गेला, तिला पत्ताही नाही. रम्या टाळ्या देत मागून म्हणू लागली. सहा महिन्यांत पहिल्यांदा कमलिनीला आपलं शरीर आपलं वाटलं. हा आवाज याच शरीरातून येतोय, याचा तिला मनापासून अभिमान वाटला.

अभंग संपला, तसा रम्याने हात पसरला. "लड्डू?"

"तिरुपती इल्लै," कमलिनी म्हणाली. नाही, तिरुपती नाही. "कॅन्सर. हॉस्पिटल. केस तिथे गेले." मग छातीच्या डाव्या बाजूवर तळवा ठेवला. "हेही."

रम्याने डोळे पुसले ते डाव्या हाताने. उजवा तसाच पसरलेला होता. "अक्का, तिरुपतीहून सगळेच परत येतात," ती तमिळमध्ये म्हणाली. "तुम्ही तर कॅन्सरमधून परत आलात. मग लाडू दुप्पट हवेत!"

आधी सकवारबाई हसल्या, मग सगळ्याच. कमलिनी तर इतकी हसली की डोक्यावरचं चंदन नाकावर ओघळलं.

संध्याकाळी पुरुषोत्तम घरी आला तर दार सताड उघडं, घरभर भाजल्या बेसनाचा वास, आणि बायको उघड्या डोक्याने परातीपुढे बसून लाडू वळतेय.

"विग कुठाय?" तो घाबराच झाला.

"पिशवी सकवारबाईंकडे राहिली वाटतं. सवड झाली की आणा."

"आणि एवढे लाडू? कसले?"

"परत आल्याचे," कमलिनी म्हणाली आणि पहिला लाडू तिने त्याच्या तोंडात कोंबला.