लगेच हो म्हणालीस

माझी खुर्ची कुणीतरी उंच करून ठेवली होती. मी आठवडाभर घरी होते. सलाइनमधून औषध घ्यावं लागतं अधूनमधून, त्यानंतर अंगात त्राण राहत नाही. सोमवारी दुकानात आले, मागच्या तपासणीच्या खोलीचं दार ढकललं, तर माझ्या खुर्चीवर पांढरा कोट घातलेली एक उंच तरुणी. तिच्यासमोर एक आजोबा, नाकावर चाचणीची जड फ्रेम. "हे बरं दिसतं, की हे?" ती त्यांना विचारत होती. वाक्य माझं, हातातलं भिंग माझ्या पेटीतलं.

"बाहेर बसता का जरा?" ती मला म्हणाली. "तुमचा नंबर आला की बोलावते."

ती मला गिऱ्हाईक समजली. मी निमूटपणे बाहेर आले.

धाकटी काउंटरमागे फ्रेमच्या काड्या वाकवत उभी होती. धाकटी म्हणजे माझी बहीण. दुकान वडिलांचं, चष्म्यांचं. मी डोळे तपासायचे, तिनं चष्मे बसवायचे आणि माणसं सांभाळायची, ही वाटणी वडील असल्यापासूनची.

"आत कोण आहे गं?"

तिनं मान वर केली आणि तिच्या चेहऱ्यावर ती माया आली, आजारी माणसांसाठी राखून ठेवलेली. "ताई, तुला सांगितलं होतं ना. विसरलीस?"

"हो का? सॉरी गं," मी म्हणाले. हल्ली हे माझ्या तोंडून शिंक यावी तसं येतं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. नाव एवढं लांब की सांगून होईपर्यंत समोरच्याची सहानुभूती संपते. सुरुवात डोळ्यापासून झाली. नशिबालाही विनोदबुद्धी असते, डोळे तपासणारीच्याच डोळ्यापुढे एका सकाळी पडदा आला. तो यथावकाश गेला आणि डावा पाय ओढायला लागला. डॉक्टरांनी समजावलं की शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडतात. कुंपणानंच शेत खायचं, दुसरं काय. आवरण गेलं की निरोप पोचतो, पण रखडत. पायाचा निरोप रखडला तर लंगडणं दिसतं, लोक बसायला जागा देतात. विचाराचा रखडला तर काहीच दिसत नाही. लोक म्हणतात, बाई हल्ली जरा शिष्ट झाल्यात.

शिष्ट नाही हो, मागे पडलेय. गिऱ्हाईक सुनेचं गाऱ्हाणं सांगायला लागलं की हातातल्या भिंगाचा नंबर माझ्या डोक्यातून गळतो. दोन माणसं एकदम बोलली तर दोघांचंही अर्धंमुर्धंच कानावर पडतं. पंखा बंद कर म्हणायचं असतं आणि पंखा हा शब्दच जागेवर नसतो. मग "ते वर फिरतं ते" म्हणायचं आणि इतरांच्या बरोबरीनं आपणही हसायचं.

पण माझ्या विसरण्याला एक पद्धत आहे, आणि ती मला ठाऊक आहे. मेंदूच्या चाचण्या घेणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी ती मला नीट दाखवली. त्यांनी शब्दांची एक माळ वाचली आणि परत म्हणायला सांगितली. मला थोडेसेच आठवले, लाजेनं कान लाल झाले. मग त्यांनी एकेक शब्द विचारला. चटई होती का? होती. घंटा? नव्हती. बहुतेक सगळे बरोबर आले. "बघा," त्या म्हणाल्या, "वस्तू घरातच आहेत. कपाटातून काढायला वेळ लागतो इतकंच. कुणी दाखवली की तुम्ही ओळखता. मात्र सांगणाऱ्यानं सावकाश सांगायचं आणि तुमच्याकडून परत म्हणून घ्यायचं. नीट आत गेलेलं टिकतं तुमच्याकडे."

परत म्हणून घेणं आमच्या दुकानात नवीन नव्हतंच. तपासणीच्या खोलीतून काउंटरकडे उघडणाऱ्या खिडकीतून मी नंबर सांगायचा, धाकटीनं तो शब्द न शब्द परत म्हणायचा, मगच भिंगाला हात लावायचा. जे परत म्हटलं नाही ते सांगितलंच नाही, असं वडील म्हणायचे. आजार आल्यावर आम्ही तीच रीत घरी नेली. नवरा म्हणायचा, "उद्या चारला डॉक्टर." मी म्हणायचे, "उद्या चारला डॉक्टर." एवढं करूनही काही निसटलं, तर ही दोघं होतीच. माझी आठवण मी यांच्याकडे ठेवायला दिली होती. "तू विसरलीस" म्हणाले की विषय संपला. कोण वाद घालणार? घालायचा तरी कशाच्या जोरावर?

तर मी काउंटरपाशी टेकले आणि म्हणाले, "जरा सांग ना, कुठे बोललो आपण, कसं बोललो. म्हणजे आठवेल मला." खरं सांगते, त्या वेळी मनात संशयाचा लवलेश नव्हता. एवढी मोठी गोष्ट विसरले म्हणून मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"तुमच्याकडेच की," धाकटी म्हणाली. काडीवरची नजर तिनं काढली नाही. "जेवणं झाली होती. भाऊजी भांडी घासत होते. तू खिडकीपाशी बसली होतीस. मी म्हटलं, ताई, तपासणीला कुणाला तरी घेऊया, तुझी दगदग नको. तू लगेच हो म्हणालीस. म्हणालीस, घे की, मला तरी कुठे झेपतंय आता."

मी थांबले. मला थांबावं लागतं. आधी काहीच नसतं, मग खिडकी येते, मग अंगावरचा सदरा, मग आवाज, आणि मग "हो की गं" असं आपोआप तोंडातून निघतं. बहुतेक वेळा असंच होतं. मी खिडकी आठवली, नळाचा आवाज आठवला, नवऱ्याची पाठ आठवली. ते सगळं रोजचंच आहे, ते आलं. तिचं वाक्य आलं नाही. माझं तर नाहीच. वस्तू दाखवली होती आणि मला तिची ओळखच लागत नव्हती.

आणि तो शब्द टोचत राहिला. लगेच. आजार आल्यापासून मी लगेच काहीही केलेलं नाही. चहा घेणार का विचारलं, तर मी उत्तर देईपर्यंत चहा आटतो. माझी खुर्ची, जिच्यावर बसून मी निम्म्या गावाचे डोळे तपासले, ती देऊ का विचारल्यावर मी लगेच हो म्हणाले?

भांडायलासुद्धा पटकन शब्द सापडावे लागतात. आतून त्या मुलीनं नंबर ओरडून सांगितला, धाकटीनं तो परत म्हटला, आणि मी पर्स उचलून घरी आले.

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. संध्याकाळी आला, बूट काढत होता, तेव्हा मी अगदी सहज विचारलं, "अरे, दुकानात कुणीतरी नवीन घ्यायचं धाकटी माझ्याशी बोलली होती का? मला काही आठवत नाहीये."

"बोलली होती ना." एक बूट हातात घेऊन तो म्हणाला. "जेवणं झाली होती. मी भांडी घासत होतो. तू खिडकीपाशी बसली होतीस. ती म्हणाली, तपासणीला कुणाला तरी घेऊया, तुझी दगदग नको. तू लगेच हो म्हणालीस. म्हणालीस, घे की, मला तरी कुठे झेपतंय आता."

एक शब्द इकडचा तिकडे नाही.

दोन माणसं एका घरी एकत्र जेवली, तर एक म्हणतं मीठ कमी होतं, दुसरं म्हणतं केवढं उकडत होतं. आठवणी अशा एकमेकींवर बेतून शिवलेल्या नसतात. असं तंतोतंत फक्त नंबर परत म्हटला जातो. आयुष्यभर मी खिडकीतून तेच ऐकत आलेय.

"तिनं तुझ्याकडून कितीदा परत म्हणून घेतलं?" मी विचारलं.

बूट त्याच्या हातातच राहिला. त्याला खोटं बोलता येत नाही असं मी आजवर अभिमानानं सांगत आले होते. त्याला येतं. फक्त पकडलं गेल्यावर पुढचं येत नाही.

"तुला त्रास नको म्हणून गं," तो शेवटी म्हणाला. "सरळ विचारलं असतं तर तू रडली असतीस, आठवडाभर झोपली नसतीस. असं वाटलं की... तू आधीच हो म्हटलंयस असं कळलं की तुला सोपं जाईल."

"आणि मी विश्वास ठेवणार, हे ठरलेलंच होतं."

त्यानं हातातला बूट खाली ठेवला.

"आणखी काय काय सोपं केलंय माझ्यासाठी?"

"अगं, एवढंच."

"नीट सांग. सावकाश सांग. मला घाई झेपत नाही."

मग एकेक बाहेर आलं. माझी मैत्रीण, शाळेपासूनची, माझ्याकडे चार दिवस राहायला येणार होती. "तूच म्हणालीस पुन्हा कधीतरी ये," असं मला सांगण्यात आलं होतं, आणि तिला वाईट वाटलं असेल म्हणून मी फोन करून तिची माफी मागितली होती. आपण न केलेल्या गोष्टीची, रडून. भाच्याच्या लग्नाला जायला मीच कंटाळा केला होता म्हणे. गाडी चालवणं मीच सोडते म्हणाले होते म्हणे. प्रत्येक वेळी मला काहीच आठवलं नव्हतं, आणि मी म्हणाले होते, हो का, सॉरी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं. आणि वर दळणारीच दिलगिरी व्यक्त करते.

मी धाकटीला फोन लावला. माझ्या आवाजावरूनच तिला कळलं.

"गेल्या महिन्यात तू एका बाईंचा उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला सांगितलास, ताई," ती म्हणाली. आता तिचा आवाजही चढला होता. "माहितेय तुला? की तेही मीच रचलं?"

"माहितेय. तू परत म्हटलास तेव्हा मीच तो पकडला. तेवढ्यासाठीच तर परत म्हणतो आपण."

"एक दिवस पकडला नाहीस तर? मला रोज त्याचीच धास्ती असते. गिऱ्हाइकं ताटकळत बसतात, मधूनच उठून जातात. मी कसं सांगणार होते तुला?"

"तोंडानं."

"तू नाही म्हणाली असतीस."

मी उत्तर शोधायला वेळ घेतला, आणि एवढं बरं की ती फोन धरून थांबली. "कदाचित म्हणाले असते," मी म्हणाले. "मग तू भांडली असतीस, मी रडले असते, आणि महिन्याभरानं मी स्वतः उठून ती खुर्ची त्या मुलीला दिली असती. खुर्चीचं मला एवढं नाही गं. माझ्या डोक्यात आजारानं जी भोकं पाडली, त्यांत तुम्ही तुमच्या सोयीचं भरत गेलात. आजाराला माझं नाव माहीत नाही. तू तर मला ताई म्हणतेस."

ती रडायला लागली. मला तिची दया आली नाही, आणि दया आली नाही याचंही वाईट वाटलं नाही. केसानं गळा कापणाऱ्याचे हात मऊच असतात.

फोन ठेवला तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "आता नाही करणार," तो म्हणाला. "शप्पथ." मी मान हलवली. काय करणार होते दुसरं?

सकाळी मी दुकानात जायला निघाले. खुर्चीचं काय ते समोरासमोर बसून बोलायचं ठरवलं होतं, सावकाश, प्रत्येक वाक्य परत म्हणून घेत. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कठड्याला धरून, चांगला पाय आधी, ओढणारा मागून, अशी मी खाली उतरले. नवरा पुढे जाऊन फाटक धरून उभा होता. आणि तिथे माझ्या मनात आलं, गॅस बंद केला का मी?

मी आठवून पाहिलं. शेगडी आली, पातेलं आलं. बटण फिरवणारा हात आला नाही.

माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. इतक्या वर्षांत तेवढं तो शिकलाय. "गॅस ना? बंद केलास तू," तो म्हणाला. "मी बघितलं."

कालपर्यंत हे वाक्य मला पुरत होतं. याच वाक्याच्या भरवशावर मी रोज घराबाहेर पडत होते, रस्ता ओलांडत होते, अनोळखी माणसांच्या डोळ्यांपुढे भिंगं धरत होते.

मी वळले आणि जिना चढायला लागले.

"अगं, खरंच बघितलं मी," तो खालून म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. दुसऱ्या मजल्यावर पाय इतका थरथरला की मला पायरीवर बसावं लागलं. तो धावत वर आला, हात पुढे केला. मी तो धरला नाही, कठडा धरला.

गॅस बंद होता. तो खरं बोलला होता. शेगडीसमोर जमिनीवर बसून मी मोठ्यानं रडले, कारण उद्याही मला वर येऊन बघावंच लागणार होतं.