रोबोटपुढची फुंकर

वेनिंग रांगेत सारखी मागं सरकत होती. दवाखान्यातल्या रातिहबाई शाळेत रोबोट घेऊन आल्या होत्या. त्याच्या छातीत काचेची दोन फुप्फुसं होती. नळीत फुंकलं की हिरवे दिवे खालून वर चढत. सिगारेट ओढणाऱ्याचे मात्र दिवेच लागत नाहीत, असं वर्गातल्या लुकमाननं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आणि वेनिंग तर रोज आजोबांची लवंगेची सिगारेट पेटवून द्यायची. त्यांचे हात शेतातल्या तंबाखूच्या पानांनी चिकट झालेले असत. मग ती निखाऱ्यावर पेटवून, एक झुरका घेऊन त्यांच्या ओठांत ठेवायची. गावात यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

"पुढं हो की," लुकमान म्हणाला. "तुझा धूर निघेल म्हणून भ्यालीस काय?"

तो गंमतच करत होता, पण वेनिंगला ते खरंच वाटलं. रोबोटनं तिच्याकडे मान वळवली. "ये, फुंक जोरात."

नळी ओठांना लागली आणि तिची छाती गच्च झाली. एकही दिवा लागला नाही. पोरं हसली. नळी टाकून ती शाळेमागं पळाली.

रातिहबाई मागोमाग आल्या. वेनिंगनं विचारलं, "बाई, माझी फुप्फुसं सडली का हो? आजोबांची सिगारेट मीच पेटवते."

"अगं, फुंकर किती जोराची, तेवढंच रोबोटला कळतं. भीतीनं तुझा श्वास अडकला. पण यापुढं तू पेटवायची नाहीस."

आत येऊन तिनं पुन्हा फुंकलं, तसे दिवे थेट वरपर्यंत गेले. तेवढ्यात आजोबा तिला न्यायला आले. "मलाही खेळू द्या की रे," म्हणत त्यांनी नळी तोंडात धरली. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. खालचे दोनच दिवे लागले. मग खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

या वेळी कुणी हसलं नाही.

"सास्त्रोकाका, उद्या दवाखान्यात या. छातीचा फोटो काढू," रातिहबाई आजोबांना हळूच म्हणाल्या.

"खेळणं बिघडलंय तुमचं."

"नाही बिघडलं, आजोबा," वेनिंग म्हणाली. "माझे सगळे लागले."

घरच्या चढावर ते थांबत थांबत चालले. आधीही थांबत असतील. तिनं कधी पाहिलं नव्हतं. अंगणात बसल्यावर त्यांनी सवयीनं सिगारेट पुढं केली. वेनिंगनं हात पाठीमागं घेतले.

"मी नाही पेटवणार." आजोबांना ती आजवर कधी नाही म्हणाली नव्हती.

आजोबा सिगारेट कानावर खोचून म्हणाले, "उद्या शाळा बुडव. माझ्यासोबत चल. एकट्याला धीर व्हायचा नाही मला."