पाण्यात बरी, काठावर बेशुद्ध

सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात आवडाबाईला सुनेचा संशय यायला लागला, तो दुसऱ्या चक्करेपासून. पहिली तिने सोडून दिली होती. ठाण्याच्या खाडीत कमरेइतक्या पाण्यात शेवंती तीन-तीन तास शिंपल्या काढायची, तेव्हा ठणठणीत. टोपली घेऊन काठावर चढली की भुईवर. आणि आडवी पडली की दोन मिनिटांत डोळे टक्क उघडे! इतकं सोयीचं दुखणं आवडाबाईने साठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

“सोंग हाय,” ती मुलाला, नामाला म्हणाली. “टोपली डोक्यावर घ्यायची म्हटली की बाय पडते. आज परत पडली तर माहेरी नेऊन घाल. कायमची.”

आईपुढे त्याची डाळ शिजत नसे.

त्या दिवशी आवडाबाई पाळत ठेवून काठावरच बसली. शेवंती वर आली, पांढरीफटक पडली, गुडघे वाकले.

“पडू देते होय तुला!” आवडाबाईने काखेत हात घालून तिला उभीच धरली. पण या वेळी डोळे उघडेनात. ओठ निळे पडले, हातपाय झटके देऊ लागले. आवडाबाईची पकड सुटली, शेवंती चिखलात आडवी झाली, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

टेंभी नाक्याच्या डॉक्टरीणबाई ऐकून भडकल्याच. “उभी धरलीत? जीव गेला असता! हृदय चांगलं आहे तिचं. पण अंगातलं पाणी आटलंय, रक्तच कमी पडतंय. खाडीत असते तोवर बाहेरचं पाणी पाय दाबून धरतं, रक्त छातीत राहतं. वर आली की ते पायांत उतरतं. हृदय भरलंच नाही, तर डोक्याला काय पाठवणार? आडवी झाली की परत भरतं.” मग त्या शेवंतीकडे वळल्या. “सकाळपासून पाणी किती प्यायलीस?”

“नाय पीत. बाप्ये असतात आजूबाजूला. मधीच जायला लागलं तर कुठं जानार?”

“हे कोणी शिकवलं तुला?”

आवडाबाईने मान खाली घातली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने सुनेच्या हातातला तांब्या काढून घेतला होता. रोज निघताना ती नजर ठेवायची. आता ही सगळं ओकणार, याची तिला खात्री होती.

“कुनी नाय,” शेवंती म्हणाली. “माजं मीच.”

आवडाबाईला भडभडून आलं.

“खोटं बोलते ती, डॉक्टरीणबाई,” ती म्हणाली. “मीच पानी तोडलं तिचं.”