अर्धी लिफ्ट वरची, अर्धी खालची

त्या इमारतीचे खालचे तीन मजले राज्य सरकारचे आणि वरचे तीन केंद्राचे. लिफ्ट मात्र एकच, आणि ती चालवायची लिफ्टवाली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका दीडशहाण्याच्या लक्षात आलं, की लिफ्टच्या मागे तोल सांभाळणारं लोखंडी वजन असतं. लिफ्ट वर गेली की ते खाली येतं. म्हणजे लिफ्ट केंद्राकडे असताना तिचं वजन राज्याच्या हद्दीत बिनपरवाना लोंबकळतं. झालं. दोन्हीकडून फतवे निघाले आणि लिफ्टला कुलूप लागलं. जिने चढून चढून कारकून इतके रोडावले, की एका खुर्चीत दोघं मावू लागले.

लिफ्टवालीला त्याचं काही नव्हतं. पण तिच्या आत्याला एकच पाय होता. दुसरा, लाकडी, सहाव्या मजल्यावर केंद्राच्या दवाखान्यात तयार होऊन पडला होता. तो अंगावरच बसवून बघायचा, म्हणून आत्यानं जातीनं जायला हवं.

"म्हणजे पाय मिळवायला आधी सहा मजले चढायचे," आत्या म्हणाली. "हे ठरवणाऱ्याला दोन्ही पाय असणार."

"मी उचलून नेते."

"मी काय पोतं आहे? लिफ्टनंच जाईन."

"मग लिफ्टनंच नेईन," लिफ्टवाली म्हणाली.

शेवटी हद्द आखायला खालचे राज्याचे आणि वरचे केंद्राचे असे दोन्ही साहेब खडू घेऊन आले. तेवढ्यापुरतं कुलूप निघालं. आत कोपऱ्यात, खुर्चीवर, मांडीवर डबा घेऊन आत्या.

"या कोण?" खालच्या साहेबांनी विचारलं.

"वजन, साहेब. लिफ्ट हलकी असली की हेलकावे खाते."

तिसऱ्या-चौथ्याच्या मधोमध लिफ्ट थांबली. लोखंडी वजनही येऊन शेजारी उभं राहिलं. साहेबांनी रेघ मारली.

"आता वर घे," वरचे साहेब म्हणाले.

"वर गेली तर वजन माझ्या हद्दीत उतरेल," खालचे साहेब म्हणाले. "खाली घे."

"म्हणजे वजन माझ्याकडे चढणार? जमणार नाही."

लिफ्टवालीनं हँडलवरचा हात काढला. "दोघांनी एका तोंडानं सांगा. तोवर मी हलवायची नाही."

"नोकरी जाईल तुझी," वरचे साहेब म्हणाले.

"जाऊ दे. पण काढणार कोण? तुम्ही की हे?"

आत्यानं डबा उघडून कलिंगडाच्या फोडी पुढे केल्या. उकाडा होता, साहेबांनी मिटक्या मारत डबा संपवला. काही वेळानं वरचे साहेब या पायावरून त्या पायावर होऊ लागले. खालच्या साहेबांनी डोळे घट्ट मिटले.

"पोरी, जवळचं स्वच्छतागृह कुठं?"

"चालू असलेलं सहाव्यावर, साहेब."

"वर घे," दोघं एकदम म्हणाले.

"आणि उद्या?"

"उद्याही. रोजच. घे, बाई, घे."

लिफ्ट वर गेली. वजन खाली उतरलं, आणि राज्य जागच्या जागीच राहिलं.

पाय बसला. आत्यानं लिफ्ट नाकारली आणि कठडा धरून जिना उतरायला घेतला. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये ती दम खायला थांबली: जुना पाय केंद्राच्या पायरीवर, नवा राज्याच्या. जिन्यावरही रेघ मारायला आलेले दोन्ही साहेब भिंतीला चिकटून तिला वाट करून देत होते.