मास्तरांनी न दाबलेले बटण

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या केंद्रात मास्तरांना सगळे मास्तर म्हणत, कारण तिथल्या बहुतेक कारागिरांनी प्लॅस्टरचा साचा घेण्याचे शिक्षण त्यांच्याच हाताखाली घेतले होते. त्यांच्या धाकट्या साडूला मात्र काहीच शिकवावे लागले नव्हते, आणि मास्तरांच्या दुःखाचे मूळ नेमके तिथे होते.

साडू म्हणजे त्यांच्या मेव्हणीचा नवरा. त्याला केंद्रात चिकटवण्यासाठी शब्द टाकला होता तो मास्तरांनीच. त्याने येताना हातात धरण्याजोगा एक कॅमेरा आणला. तो कापून उरलेल्या पायाभोवती एकदा फिरवला की मापे आकारासह संगणकावर उमटत. रुग्णाला ओल्या प्लॅस्टरमध्ये अवघडून बसावे लागत नसे. हाड कुठे दुखते ते तळहाताला कळते, कॅमेऱ्याला कळत नाही, असे मास्तर म्हणत. ते खोटे नव्हते. पण खरे बोलूनही कोणी ऐकत नाही, ही अवस्था खोटे पडण्यापेक्षा अधिक बोचरी असते. सासरी तर उघडच भेद होता. सासरे मास्तरांना तब्येत विचारीत आणि साडूला मत.

त्यातच विभागप्रमुख या महिन्यात निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी दोघा साडूंपैकी एकाला नेमायचे, इतके संचालकांनी बोलून दाखवले होते.

केंद्रात एक रीत होती. रुग्णांची मापे, पत्ते, आजारांचे इतिहास असे सगळे संगणकावर गेल्यापासून त्या माहितीच्या रक्षणासाठी एक अधिकारी बाई नेमलेल्या होत्या. कारागीर त्यांना पहारेकरीणबाई म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडत असे. चोर कुलूप फोडण्याच्या भानगडीत पडत नाही, तो आतल्या माणसाकडूनच दार उघडून घेतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणून अधूनमधून त्या स्वतःच एक लुटुपुटूचा ईमेल सर्वांना धाडीत. ज्याला तो ओळखू येई, त्याने वरचे ‘संशय’ असे लिहिलेले बटण दाबायचे. बाईंना तत्काळ कळे आणि तो ईमेल सगळ्यांच्या पेटीतून नाहीसा होई. जो फसे, त्याने सोमवारच्या बैठकीत उभे राहून तो ईमेल मोठ्याने वाचायचा आणि आपण कुठे घसरलो ते सांगायचे. एकाच्या ठेचेतून सर्वांनी शिकावे हा हेतू उत्तम होता. पण माणसे ती माणसेच, आणि त्या वाचनाचा लवकरच तमाशा झाला होता.

मास्तर त्या तमाशात दोनदा उभे राहिले होते. दुसऱ्या वेळी ‘तुमचे पार्सल अडकले आहे’ असा ईमेल होता. “दादा, पार्सल मागवलंच नव्हतंत, तर ते अडकलं कुठे?” असे साडूने भर बैठकीत विचारले. त्यात डंख नव्हता. पण पुढच्या रविवारी हाच किस्सा त्याने सासरी रंगवून सांगितला आणि सासूबाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. तेव्हापासून मास्तर प्रत्येक ईमेल न्यायाधीशाने साक्ष तपासावी तसा तपासू लागले. साडू मात्र आजवर एकदाही फसला नव्हता.

त्या गुरुवारी सकाळी आलेला ईमेल मास्तरांनी उघडला आणि वाचताक्षणी ओळखला. खालचे नाव साहित्य पुरवणाऱ्या कंपनीचे होते, पण पाठवणाऱ्याचा पत्ता भलत्याच ठिकाणचा. मजकूर असा की, पायाच्या आतल्या मऊ अस्तराचा माल वखारीत अडकला आहे, तो सोडवण्यासाठी आपल्या केंद्राचे नाव आणि पासवर्ड इथे भरा. पुरवठादाराला आमचा पासवर्ड कशाला हवा? मास्तरांना स्वतःचे कौतुक वाटले. अस्तराचा प्रकार तेवढा अगदी अचूक लिहिला होता, आणि तो बाईंना कसा ठाऊक असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात डोकावलाही. पण ‘बाईंनी या खेपेला गृहपाठ चांगला केलेला दिसतो’ असे म्हणून त्यांनी तो बाजूला सारला.

बोट बटणाकडे गेले. त्याच क्षणी त्यांची नजर काचेपलीकडे साडूच्या खोलीत गेली. तिथे टपाल वाटणारी एक बाई खुर्चीत बसली होती. तिची मापे नुकतीच घेऊन झाली होती आणि अस्तर केव्हा येणार म्हणून ती साडूला भंडावत होती. साडूच्या पडद्यावर तोच ईमेल होता. बाईकडे बघून ‘एक मिनिट’ असे खुणावीत तो भराभर काहीतरी टाइप करू लागला.

मास्तरांनी बोट मागे घेतले.

बटण दाबले असते तर साडूचे टाइप करून होण्याआधीच ईमेल सर्वांच्या पेटीतून गेला असता आणि त्याची फजिती टळली असती. न दाबले तर सोमवार होता. साडू उभा राहील, कागद हातात घेईल, वाचेल. मास्तरांनी प्रश्नसुद्धा ठरवून टाकला: “माल वखारीत, मग तुझा पासवर्ड कुठे निघाला होता?” त्यांना कित्येक महिन्यांत इतके हलके वाटले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत बायकोचा फोन आला. “रविवारी आईकडे जायचंय, लक्षात आहे ना? की या वेळीही कंबर दुखणार?”

“छे, छे. जाऊ की.”

“अगंबाई, स्वारी खुशीत दिसतेय. जागा मिळाली की काय?”

“अजून नाही. पण सोमवारी गंमत आहे.”

“तुमची गंमत म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी वाटोळं,” असे म्हणून ती हसली आणि तिने फोन ठेवला.

थोड्या वेळाने साडू दारात आला. त्याचा चेहरा जरा उतरला होता.

“दादा, सकाळी पुरवठादाराचा ईमेल आला होता तुम्हाला? अस्तराचा?”

“का रे?”

“काही नाही, मी घाईत पासवर्ड देऊन बसलो. आता वाटतंय, काहीतरी गडबड आहे. त्यांना फोन लावला तर कोणी उचलत नाही. पहारेकरीणबाईंकडे जाऊ का? उगाच बोभाटा व्हायचा. तुम्ही पाहिला असेल तर सांगा, खरा वाटला का?”

इथे मास्तरांना दुसरी संधी होती, आणि ती पहिलीहून सोपी होती. कारण आता समोर पडदा नव्हता, माणूस होता. पण बाईंकडे आपणहून गेलेल्याला बैठकीत उभे करीत नसत, हेही मास्तरांना ठाऊक होते.

“मी नाही बाबा पाहिला,” ते म्हणाले. “आणि त्यात एवढं काय? पुरवठादारांचं असंच असतं. पेशंट बसलाय ना तुझा? जा.”

साडूचा चेहरा निवळला. “तुम्ही म्हणताय म्हणजे ठीक आहे,” असे म्हणून तो गेला.

दुपार कलली तेव्हा केंद्रातले सगळे पडदे एकेक करून काळे झाले आणि प्रत्येकावर खंडणी मागणारा एकच मजकूर आला. पहारेकरीणबाई जवळजवळ पळतच खोल्याखोल्यांतून गेल्या आणि भिंतीतल्या तारा त्यांनी स्वतःच्या हाताने उपटल्या. “कोणी काही चालू करू नका,” एवढेच त्या म्हणत होत्या. त्यांच्या आवाजात लुटुपुटूचे काही नव्हते. मास्तर खुर्चीत बसले ते तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत दोघा साडूंना बोलावले. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. कोणीतरी पुरवठादाराचा पत्रव्यवहार चोरून वाचला होता, म्हणून अस्तराचा प्रकार अचूक होता. मिळालेल्या पासवर्डने चोर आत शिरला, त्याने आधी माहिती बाहेर नेली आणि मग उरलेल्याला कुलूप घातले. बाई रोज काम संपल्यावर सगळ्याची एक प्रत काढून, तारेपासून तोडून, कपाटात ठेवीत. त्यामुळे कालच्या दिवसाखेरीज सर्व काही परत उभे राहणार होते.

“कुलपात गेलेलं परत मिळेल,” त्या म्हणाल्या. “बाहेर गेलेलं नाही. रुग्णांचे पत्ते, कोणाला कसला आजार, ते आता कोणाच्या हाती आहे, देव जाणे. आणि वाईट वाटतं ते याचं की, पासवर्ड मिळाल्यावर दुपारपर्यंत चोर गप्प होता. तेवढ्या वेळात कोणी मला नुसतं सांगितलं असतं, तर तो पासवर्ड मी मोडीत काढला असता. चोराच्या हाती काही लागलं नसतं.”

“चूक माझी आहे,” साडू म्हणाला. “मला शंका आली होती. दादांना विचारलंही मी. पण त्यांनी तो पाहिलाच नव्हता, त्यांचा काय दोष?”

संचालकांनी साडूकडे पाहिले आणि नंतर मास्तरांकडे. त्या दोन नजरांतल्या फरकातच मास्तरांना विभागप्रमुखाची जागा आपल्या पदरात पडलेली दिसली.

बाहेर आल्यावर बाईंनी मास्तरांना थांबवले. “मास्तर, कोणी काय केव्हा उघडलं याची नोंद राहते. तुम्ही त्याच्या आधी तो ईमेल उघडला होता. अहवालात काय लिहू? तुम्हाला ओळखू आला नाही, असं लिहू?”

त्यांच्या प्रश्नात आरोप नव्हता. कदाचित दयाच होती. मास्तरांसमोर दोन नावे होती, मूर्ख किंवा नीच, आणि मूर्ख म्हणवून घेतले की वर जागाही मिळत होती.

“सोमवारी सांगतो,” ते म्हणाले.

रविवारी सासरी साडूने सर्व हकीकत स्वतःच सांगितली. काही लपवले नाही, नरम केले नाही. “दादांनी पाहिला असता तर वाचलो असतो,” असेही म्हणाला. मेव्हणीचे डोळे भरून आले होते. मास्तर सासऱ्यांकडे पाहत होते. आता तरी, असे त्यांना वाटत होते. आणि सासरे खरोखरच त्यांच्याकडे वळले.

“तुमचं काय मत, जावईबापू? जायची का याची नोकरी?”

ज्या प्रश्नाची मास्तरांनी लग्नापासून वाट पाहिली, तो असा समोर आला. “नाही जायची,” ते कसेबसे म्हणाले.

“नाहीच जायची,” सासरे म्हणाले आणि त्यांनी साडूच्या पाठीवर हात ठेवला. “चार लोकांत आपली चूक अशी सांगायला छाती लागते. मला नसतं जमलं.”

मास्तरांच्या मनात तेव्हा जे उसळले, त्याला पश्चात्ताप म्हणणे असत्य ठरेल. तो मत्सरच होता, जुना, ओळखीचा. फक्त त्याने जागा बदलली होती. जागा जाऊनही पाठीवर हात यालाच? फसूनही मोठा हाच? परतताना बायको म्हणाली, “इतके गप्प का? तुमची गंमत उद्या ना?”

सोमवारी बैठकीत साडू कागद घेऊन उभा राहिला. कोणी हसले नाही. तो वाचू लागणार तोच मास्तर उठले आणि त्यांनी कागद त्याच्या हातातून घेतला. त्यांनी ईमेल पहिल्यापासून शेवटपर्यंत, स्पष्ट आवाजात वाचला.

“आता मी कुठे घसरलो ते सांगतो,” ते म्हणाले. “मी फसलो नाही. मी हा सकाळीच ओळखला होता. बाईंचाच आहे असं समजलो. याला पासवर्ड भरताना पाहिलं, आणि आज इथे उभा राहिलेला बघायचा म्हणून बटण दाबलं नाही.”

साडू त्यांच्याकडे पाहत होता, एखादा हिशेब पुन्हा पुन्हा करूनही जुळू नये तसा.

“मी विचारायला आलो, तेव्हाही?”

“तेव्हाही.”

मास्तरांनी नकळत वाट पाहिली. सासऱ्यांनी साडूला दिले तसे काहीतरी, एखादा शब्द, एखादी मान हललेली. तसे काही आले नाही. संचालकांनी समोरचे कागद सारखे केले. पहारेकरीणबाई म्हणाल्या, “यापुढे हे उभं राहून वाचणं बंद. ज्याला शंका येईल त्याने थेट माझ्याकडे यायचं, कोणी हसणार नाही,” आणि बैठक संपली.

माणसे बाहेर पडू लागली. साडू दारापाशी थांबला, पण वळला नाही.

“टपालवाल्या बाईंची मापं त्या दिवशीची होती, ती गेली,” तो म्हणाला. “कॅमेरा अजून चालू नाही. त्या येतायत आज. प्लॅस्टर भिजवून ठेवा, मास्तर.”

केंद्रात सगळेच त्यांना मास्तर म्हणत. त्याने म्हटले ते त्या दिवशी पहिल्यांदा.