साक्षीला आवतन

तेर गावच्या बब्रुवान गोंधळ्यानं मयत बापानं बांधलेली संबळाची चाल इंटरनेटवर टाकली. परदेशातल्या एका कंपनीनं ती आपलीच म्हणून व्हिडिओ बंद पाडला.

अक्षदा वकीलबाई म्हणाल्या, “काका, कायदा तिकडंही कलावंताचाच आहे. चाल वडिलांची, एवढं सिद्ध करा.”

सुनावणी मोबाइलवर व्हिडिओ कॉलनं होती. बंद खोलीत एकट्या बब्रुवाननं सवयीनं आधी देवांना नावानिशी आवतन दिलं, त्या ओघात ‘आबा, तुमीबी या’ म्हणत बापालाही बोलावलं, मग संबळ वाजवला.

पलीकडचा दुभाष्या म्हणाला, “साहेबांना पटलं. तुमच्यामागं वाजवणाऱ्या आजोबांना सहीला पुढं यायला सांगा.”

बब्रुवानच्या मानेला गार वारं लागलं. मागं न बघताच तो म्हणाला, “साहेब, आबा अडाणी हायेत. अंगठा चालंल का?”